केसरबाईंच्या पडवीतला फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. रुंदी दहा फूट, उंची आठ फूट आणि मधोमध एक चौकोनी भोक. सध्या माझा मुक्काम सुलतानपूरला, रामरावांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहे. भोकातून ऊन आत येतं म्हणून शेळ्या माझ्यावर नाराज असतात. शेळ्यांचं सोडा. मला तुम्हाला माणसांबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म चिखलीला, शाकिरभाईंच्या दुकानात झाला. यंत्रातून बाहेर आलो तेव्हा अंगाला शाईचा उग्र वास होता आणि अंगावर बारा चेहरे होते. अकरा चेहरे गावच्या पुढाऱ्यांचे. मधला, बारावा, सुवर्णाचा. 'आपल्या गावची कन्या कु. सुवर्णा कचरू इंगळे हिची व्हिएतनाम देशात इंग्रजी शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' असं माझ्यावर लिहिलं होतं. अभिनंदन तिचं होतं, पण सगळ्यांत मोठा फोटो माजी सरपंच रामरावांचा होता.

"साहेब, ज्याचं अभिनंदन हाय त्याले तरी मोठं करा ना," शाकिरभाई म्हणाले.

"पोरगी बारीकच हाय. फोटोही बारीकच राहू द्या," रामराव म्हणाले आणि आपल्या मिशा नीट दिसतात की नाही ते पाहू लागले.

मला बसस्टँडवर बांधलं. काय माझा थाट होता! एस.टी.तून उतरणारा प्रत्येक माणूस मान वर करून मला वाचायचा. व्हिएतनाम कुठे आहे हे गावात तीनच जणांना ठाऊक होतं आणि त्यातले दोघे चुकीचं सांगायचे. तरी छाती सगळ्यांचीच फुगली होती. इंगळ्यांची पोरगी, गावाला नळाचं पाणी सोडणाऱ्या कचरूंची पोरगी, परदेशात इंग्रजी शिकवते, हे जो तो दुसऱ्याला आपलीच पोरगी असल्यासारखं सांगायचा. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

चार महिन्यांनी रामरावांच्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स आला. माझे दोर कापले आणि मला नालीच्या कडेला टाकलं. तिथून कचरूंनी मला उचललं. त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, मला अंगणात पसरून साबणानं धुतलं. लेकीच्या गालावरचा चिखल त्यांनी पदरानं पुसला. पुढाऱ्यांचे चेहरे तसेच ठेवले.

त्यांच्या पडवीची एक बाजू उघडी होती, तिथून वारा यायचा. तिथे केसरबाईंनी मला पडद्यासारखं बांधलं. कडा मागे दुमडून अकरा पुढारी रस्त्याच्या बाजूला काढले आणि लेकीचा चेहरा आत, स्वतःच्या खाटेसमोर घेतला. माझे सुखाचे दिवस तेच.

केसरबाईंनी उभ्या आयुष्यात तीन गावं पाहिली होती. माहेर, सुलतानपूर आणि एकदा ट्रकमध्ये बसून नागपूरची दीक्षाभूमी. नागपूरचं वर्णन त्या अजून, काल जाऊन आल्यासारखं करायच्या. म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांनी फोनवर लेकीला ताकीद दिली.

"शिकवतं ते ठीक हाय. पण सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून राहू नोको. म्या काही पाह्यलं नाही. तू पाह्य अन् मले दाखव. दर सुट्टीले नवं शहर पायजे."

"आई, दर सुट्टीले? हप्ताभर पोरं डोकं खातात. जीव थकून जाते वं."

"बसमध्ये झोपजो."

अशी ती भटकंती सुरू झाली. शनिवार-रविवार आला की सुवर्णा हनोईहून बसनं किंवा रेल्वेनं निघायची आणि आपल्या फोनवर स्टेटस टाकायची. कचरू फोन धरायचे आणि केसरबाई एकेक फोटो बोट लावून पाहायच्या. त्या शहरांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली. बोटीचं गाव. डोंगरातलं गाव. राजाच्या किल्ल्याचं गाव. एखाद्या आठवड्यात सुवर्णा तापानं पडून राहिली तर सोमवारी केसरबाईंचा जेवणात जीव नसायचा.

ते स्टेटस गावही पाहत होतं. शेजारच्या शालूबाईंचा तर तो शनिवारचा उपासच झाला होता. आणि पडवी रस्त्याला लागून, त्यामुळे माझ्या कानावर सगळं यायचं.

"शिकवते कवा अन् हिंडते कवा?" शालूबाई म्हणायच्या. "पाह्य, आज पुन्हा टोपी घालून उभी हाय. मायबापाले रुपयाचं सुख नाही."

"बाहेर गेली की पोरी हातातून जातातच," रामराव म्हणायचे. माझ्या मागच्या बाजूला त्यांचाच चेहरा हसत असायचा.

ही भटकंती आईच्या हट्टापायी आहे, हे कचरूंना ठाऊक होतं. त्यांनी ते एकदाही कुणाला सांगितलं नाही. ते नळाची चावी फिरवत आणि खाली मान घालून घरी येत. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत केसरबाईंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कचरूंना बाहेर बोलावून सांगितलं आणि कचरूंनी पडवीत येऊन केसरबाईंना सांगितलं, कारण बायकोपासून त्यांना काही लपवता येत नसे. केसरबाईंनी माझ्याकडे, म्हणजे लेकीकडे, पाहिलं.

"सुवर्णाले सांगू नोका," त्या म्हणाल्या. "ते आली तर पुन्हा जाणार नाही. इथंच चूल फुंकत बसन. माही शपथ हाय तुम्हाले."

"अन् मंग तिनं इचारलं, बाबा, तुम्ही काऊन नाही सांगितलं, तर?"

"तिले म्हणजा, आईनं सांगू देलं नाही."

आता माझं पाप ऐका. रविवारी सुवर्णाचा व्हिडिओ कॉल यायचा. केसरबाईंचे गाल बसले होते, मानेची हाडं वर आली होती. त्यांनी युक्ती काढली. फोन वाजला की त्या तो माझ्याकडे वळवायच्या.

"आई, तू दिस ना. मले माह्याच फोटो दिसून राह्यला."

"मले काय पाह्यतं? हे पाह्य, तुह्या फ्लेक्स अजून कसा चकचकीत हाय! रोज पुसतो मी त्याले."

सुवर्णा हसायची. तीन महिने ती दर रविवारी आईशी बोलली आणि तीन महिने तिनं स्वतःचंच तोंड पाहिलं. मला दाखवण्यासाठी बनवलं होतं, मित्रांनो. मी एका मरणाऱ्या बाईला तिच्या लेकीपासून झाकत होतो आणि झाकताना चकचकीत दिसत होतो.

तिकडे त्यांचं नवं वर्ष आपल्या माघाच्या सुमाराला येतं. बारा दिवसांची सुट्टी. सुवर्णा म्हणाली, "आई, मी घरी येतो. पुन्हा एवढी सुट्टी भेटत नाही."

केसरबाई तेव्हा कुशीवर वळायलाही माणूस मागत होत्या. आवाज मात्र त्यांनी कुठून आणला कोण जाणे.

"इकडं काय ठेवलं? धूळ अन् मच्छर. ते दिव्यांचं गाव राह्यलं ना? नदीत दिवे सोडतात म्हणे. ते पाह्यल्याशिवाय आली तर घरात घेणार नाही."

फोन बंद झाल्यावर कचरू उठले, अंगणात गेले आणि परत आले. फोन त्यांच्या हातातच होता. एक बटण दाबायचं होतं. त्यांनी दाबलं नाही. दिलेला शब्द पाळला असं ते पुढे सगळ्यांना सांगायचे. मी सांगतो, ते घाबरले होते.

सुट्टीच्या चौथ्या दिवशी सकाळी केसरबाई गेल्या. शेवटी त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला तेव्हा फाटून जावंसं वाटलं, पण मी चांगल्या प्रतीचा आहे, फाटत नाही.

माणसं जमली. बसायला काही पुरेना, म्हणून मलाच सोडून अंगणात अंथरलं. लोक टेकणार तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अबे, साहेबाच्या तोंडावर बसता का बे?" मग रामरावांसकट अकरा चेहरे मानानं दुमडून खाली घेतले. सुवर्णाचा चेहरा वर राहिला. त्यावर गाव बसलं.

संध्याकाळी स्मशानातून परत आल्यावरही मंडळी माझ्यावरच बसली होती. तेव्हा शालूबाईंच्या फोनवर सुवर्णाचं स्टेटस आलं. नदी, नदीत कागदाचे शेकडो दिवे, नावेत बसलेली सुवर्णा हसते आहे. खाली लिहिलं होतं, 'आई, हे बघ दिव्यांचं गाव.'

फोन हातोहात फिरला. ज्यांच्या स्वतःच्या फोनवर होतं त्यांनी स्वतःचे काढले.

"माय सरणावर अन् हे नावेत!" शालूबाई म्हणाल्या.

"तिले माहीत नसन बाई," गीताबाई नावाची एक म्हातारी हळूच म्हणाली. तिच्याकडे फोन नव्हता.

"असं कसं? कोणी ना कोणी सांगितलंच असन."

आणि ज्यानं त्यानं तेच धरलं. कोणी ना कोणी सांगितलं असेल. पायरीवर कचरू बसले होते. त्यांनीही आपला फोन काढला, ते दिवे पाहिले आणि फोन खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन लावला. पाचव्या दिवशी ती आली. तिनं आईचं रिकामं अंथरूण पाहिलं, मग अंगणात पडलेला मी पाहिला. माझ्यावरच्या तिच्या तोंडावर चपलांचे ठसे होते.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पुन्हा मीच अंथरलेलो. वंदना झाली, श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. रामरावांनी माईक घेतला. आईबाप झिजतात, पोरं परदेशात मौज करतात, आजकालच्या मुलींनी यातून काही शिकलं पाहिजे, असं ते पाऊण तास बोलले. बायकांनी सुवर्णाकडे पाहत डोळे पुसले.

मग सुवर्णा उठली. रडली नाही. तिनं फोन काढला.

"त्या दिवशी नावेत बसून म्या स्टेटस टाकलं होतं," ती म्हणाली. "कोणी कोणी पाह्यलं त्याची यादी फोनवर दिसते. दुसऱ्या दिवशी म्या त्या यादीचा फोटो काढून ठेवला. आईले दाखवाले. पाह्य आई, अख्ख्या गावानं तुहं दिव्यांचं गाव पाह्यलं, असं सांगणार होतो तिले. सदुसष्ट जणं हाय. वाचतो."

आणि ती वाचू लागली. पहिलं नाव शालूबाईंचं होतं, पाचवं रामरावांचं. प्रत्येक नावाला ती थांबायची आणि त्या माणसाकडे पाहायची. कुणी चपला शोधू लागलं, कुणी लहान लेकराला उगाच उचलून घेतलं.

"मले वाटलं, कोणी सांगितलं असन," शालूबाई पुटपुटल्या.

"हाव, मावशी. सदुसष्ट जणांले तसंच वाटलं."

ती माझ्या अगदी वर उभी होती, फोन मला दिसत होता. तिनं सहासष्ट नावं वाचली. एक नाव तिनं वाचलं नाही. ते तिच्या बाबांचं होतं. कचरू ते नाव यायची वाट पाहत शेवटपर्यंत भिंतीशी उभे होते.

नंतर तिनं सगळ्यांना माझ्यावरून उठवलं. कात्री आणली आणि मधला स्वतःचा चेहरा कापून काढला. "बाकीचा तुमचाच हाय," असं म्हणून उरलेला मी रामरावांच्या हातात दिला. कापलेला तुकडा तिनं पडवीत, आता जिथे कचरू झोपतात त्या खाटेसमोर, चार खिळे ठोकून लावला.

"बाबा, माह्या फोन आला की याच्याकडं वळवू नोका," ती म्हणाली. "आपलं तोंड दाखवजा."

कचरूंनी मान हलवली. ती शनिवारी परत गेली.

तेव्हापासून तिनं एकही स्टेटस टाकलेलं नाही. गोठ्याशेजारून जाताना शालूबाई अजून दर शनिवारी फोन उघडून पाहतात आणि म्हणतात, "काऊन टाकत नसन बाई पोरगी?"

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. फोनवर तुमचं माणूस तुम्हाला अंगण दाखवेल, शेळी दाखवेल, तुमचाच जुना फोटो दाखवेल, पण स्वतः समोर येणार नाही, तेव्हा हसून फोन ठेवू नका. त्याला म्हणा, आधी तू दिस. आणि एखाद्याला वाईट बातमी कळली असेलच असं वाटलं, तर ती तुम्हीच सांगा. माझी काळजी करू नका. मला ऊन लागत नाही आणि रामरावांच्या शेळ्या चेहरे ओळखत नाहीत.