आत्याचे अर्धे निरोप

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हाची एक तिरीप आमच्या नागरवाड्याच्या घरातल्या बोळकांडीत सकाळी जेमतेम घटकाभर येई, आणि त्या उजेडातून आत्याच्या सपातांचा आवाज बाबांच्या खोलीकडून दादाच्या खोलीकडे जाई, मध्येच थांबे, मग पुढे सरके. त्या थांबण्यात ती काय करत असे, हे मला ती वारल्यावर कळले. याची फार लाज वाटते, कारण मी विद्यापीठात नेमक्या त्याच गोष्टीचा अभ्यास करतो.

मज्जापेशीच्या भिंतीत सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमसारखे भारित कण आत शिरले की पेशी चेतते. कुठले दार किती घडवायचे, याचा निरोप पेशीच्या केंद्रातून निघतो. मायक्रोआरएनए नावाचा एक चिमुकला रेणू वाटेत त्या निरोपाला बिलगतो आणि त्यातले बरेचसे विरवून टाकतो. स्वतः तो काहीच घडवत नाही. त्याच्यामुळे दारे बेताची राहतात आणि पेशी उगाच भडकत नाही.

आत्याही चणीने एवढीशीच. आमचे पणजोबा संस्थानात कारभारी होते. घरातले अर्जसुद्धा कारकुनामार्फत घेत. तेव्हापासून बापाने आणि थोरल्या लेकाने थेट बोलायचे नाही, अशी रीत पडली आणि बाबांची ही धाकटी बहीण तो कारकुनी वारसा चालवी. बाबा खोलीत वळवाच्या ढगासारखे कडाडत. दादापर्यंत पोहोचे ती झुळूक.

"आत्या, बाबा एवढंच म्हणाले?" मी कधी विचारले, तर ती माशी हाकलावी तसा हात हलवी. "जवा दे ने, जाऊ दे. बाकीचं त्यांच्या बीपीचं होतं."

ती गेली आणि निरोपांचे काम माझ्याकडे आले. मी पडलो प्रामाणिक. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "विचार त्याला, खंडेराव मार्केटातून शेवगा आणलाय की जळण?" मी ते विरामांसकट पोहोचवले.

"सांग त्यांना, कवळी लावून बघा," दादा म्हणाला. तेही पोहोचवले, वर म्हणताना त्याचे तोंड कसे झाले होते, तेही सांगितले. संध्याकाळी दादा वेगळे बिऱ्हाड शोधू लागला. तो चिमुकला रेणू काढून घेतला की पेशींचे काय होते, ते मी वर्गात दरसाल शिकवतो; घरात मला ते दादाच्या बॅगा माळ्यावरून खाली आल्यावर दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "जा म्हणावं खुशाल. अडवतंय कोण? आणि चहा गार होतोय त्याचा. तोही घेऊन जा म्हणावं."

मी निघालो. बोळकांडीत तिरीप आली होती. एका जागी फरशी जरा जास्त झिजली होती. पाय तिथे आपोआप थांबले. खोटे बोलणे मला जमत नाही आणि पदरचे घालायचेही नव्हते. मग दादाच्या खोलीकडे पुढे सरकलो.

"काय म्हणाले?" दादाने बॅगेचा पट्टा आवळत विचारले.

"चहा गार होतोय."

"एवढंच?"

माझा हात माशी हाकलावी तसा हलला. दादा माझ्या हाताकडे बघत राहिला. मग पट्टा सैल करून चहाला गेला.

तिरीप आता रोज थोडी लवकर सरकते आणि उन्हाळ्यात ती येणारही नाही. पण आत्याने न पोहोचवलेले सारे शब्द त्या झिजलेल्या फरशीखाली अजून निवत पडले असावेत, आणि त्यांच्यावरून जाता-येता आम्हा तिघांच्या पायांना तो गारवा लागतो.