डाव्या हाताचा चाकू

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला तिने टेबलाचा खण उघडला तेव्हा चाकू तिथे नव्हता. तो तिथे नसणार हे तिला ठाऊक होतं. तरीही तिने खण दोनदा चाचपला.

टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची फांदी होती. आईच्या दारातल्या झुडपाची ती शेवटची जिवंत फांदी. बाकीचं झुडूप दोन वर्षांपासून वाळत चाललं होतं. दादाने घर विकलं होतं आणि नवा मालक उद्या पाया खणायला घेणार होता. ती पहाटे सहाला जाऊन फांदी कापून घेऊन आली होती. फांदीवर कलम भरण्याजोगे सात डोळे, म्हणजे अजून न फुटलेले कोंब, होते. आज संध्याकाळच्या आत ते मुळं धरलेल्या दुसऱ्या रोपांच्या खुंटांवर बसवले तर आईचा गुलाब राहणार होता, नाहीतर संपला.

सार्वजनिक बागेच्या मागे असलेल्या या रोपवाटिकेत ती एकोणीस वर्षं कलमं करत होती. डाव्या हाताने. तिच्या घडीच्या चाकूला एकाच अंगाने धार होती, तीही डावखुऱ्या हाताला साजेल अशा अंगाने. दुसरं अंग काचेसारखं सपाट. ते सपाट अंग लाकडाला लागून सरकतं आणि डोळा सालीसकट अलगद सुटतो. हा चाकू मामाने तिच्यासाठी मुद्दाम घडवून घेतला होता.

तो काल दुपारी स्टोअरकीपरने नेला होता. पोत्यांच्या दोऱ्या कापायला.

तिने आधी नाहीच म्हटलं होतं. तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, चाकू मागितलाय, किडनी नाही." सगळे हसले. साहेब केबिनमधून बाहेर आले. "अहो, एका ठिकाणी काम करतो आपण. एवढं तुझं-माझं कशाला?" कारकून बाईंनी मान डोलावली. तिने चाकू दिला. फक्त दोऱ्या, आणि पाचच्या आत परत, असं दोनदा बजावलं. पाच वाजता स्टोअरला कुलूप होतं.

अकराला स्टोअरकीपर उगवला, तोंडभर हसत.

"ताई, आधी थँक्यू म्हणा, मग देतो."

"चाकू द्या."

त्याने चाकू उघडून टेबलावर ठेवला. पातं दोन्ही अंगांनी लखलखत होतं. टोकाजवळ पोलाद तापून निळसर झाक आली होती.

"अहो, एकाच बाजूला धार होती! कारखान्यातच राहून गेलं असणार. माझ्या मेव्हण्याकडे धार लावायचं चाकाचं मशीन आहे. काल घरी नेला आणि दुसऱ्या बाजूनेही काढून घेतली. फुकटात. एवढी वर्षं अर्ध्या चाकूने काम केलंत तुम्ही!"

तिने पातं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? आपलं माणूस म्हणून केलं."

तिने एक डोळा काढून पाहिला. पातं लाकडावरून सरकलं नाही, उसळलं. डोळा मधोमध चिरला गेला. सातातले सहा उरले.

आता सगळ्यांना सल्ले सुचू लागले. कारकून बाई म्हणाल्या, "दाढीच्या ब्लेडने करा ना." साहेब म्हणाले, "चांगल्या भावनेने केलंय हो त्यांनी. राग सोडा." स्टोअरकीपर तर दुखावलाच. "जमानाच नाही भलं करायचा," असं तो तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटला. म्हणजे चाकू तिचा गेला, डोळा तिचा गेला आणि समजूत काढायची ती त्याची!

तिने फडकं पुन्हा ओलं केलं, फांदी पिशवीत ठेवली, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि मामाचं घर गाठलं.

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं कलमं केलेला. खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पात्यावरून नख फिरवलं आणि चष्मा काढला.

"कुणाला दिला होतास?"

"द्यायला लावला."

"लावला? खणातून काढून दिला कुणाच्या हाताने?"

तिने पिशवीतली फांदी दाखवली. "मामा, तुमचा चाकू द्या. दोन तासांत परत आणते."

"नाही."

"तुमच्या सख्ख्या बहिणीचं झाड आहे ते!"

"म्हणून तर नाही. माझा उजव्या हाताचा आहे. तुझ्या डाव्या हातात तो लाकडात घुसेल. हे तुला मीच शिकवलंय ना?"

"मग उजव्या हाताने करीन."

"एकोणीस वर्षांत कधी केलंस? सहाच्या सहा वाया घालवशील."

ती तिथेच उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. सकाळपासूनचा सगळा संताप आता मामावर निघणार होता. "जगात एकही माणूस—"

"आणि तुझ्या हाताचा असता ना, तरी दिला नसता," मामा म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "माझ्या चपला कुठे आहेत बघ. रिक्षा फाटकापर्यंत आण, मला चालवत नाही."

दुपारी दोनला मामा रोपवाटिकेत तिच्या टेबलाशी बसला होता. त्याने आपल्या चाकूने सहा खुंटांच्या सालीला चिरा दिल्या, एकेक डोळा काढला. ती डोळे चिरेत सरकवून पट्टी बांधत गेली. त्याचा हात प्रत्येक कापाआधी थोडा थरथरायचा आणि पातं टेकलं की थांबायचा. साहेब येऊन पाहून गेले. स्टोअरकीपर आलाच नाही.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. तीन डोळे हिरवे होते, तीन काळे पडले होते. चिरला गेला नसता तर सातवा जगला असता का, हा हिशेब ती अजून करते.

तिचा चाकू मामाने आठ दिवस दगडावर घासला. जळलेलं टोक काढून टाकलं, सपाट अंग पुन्हा सपाट केलं. पातं जवभर अरुंद झालं, पण चालू लागलं. तो परत खणात गेला नाही. खिशात राहिला.

चाकू परत आल्यानंतरच्या सोमवारी स्टोअरमधून हाक आली. "ताई, राग गेला असेल तर जरा चाकू पाठवा ना!"

ती उठली. बहात्तर पावलं चालत गेली. "काय कापायचंय?"

"ही दोरी. अहो, एवढ्यासाठी तुम्ही कशाला आलात? कुणाकडे तरी द्यायचा."

तिने दुसऱ्या खणातून आणलेल्या साध्या कात्रीने दोरी कापली. चाकू खिशातून बाहेरही काढला नाही. "आणखी काही?"

"नाही."

"हाक मारा. मी येईन."

पुढच्या तासाभरात हाका येत गेल्या आणि तिने चार फेऱ्या मारल्या. दर वेळी हातातलं काम ठेवून, दर वेळी बहात्तर पावलं, दर वेळी "काय कापायचंय?" बाकीचे दारातून बघू लागले. पाचव्या वेळी ती हाक यायच्या आधीच उठली, तर स्टोअरकीपरने तिला येताना पाहिलं आणि घाईघाईने पोत्याची दोरी दातांनी तोडली.