चाकामागचा दगड

पी

मेघालीने दगड मागच्या चाकाखाली सारला आणि पायाने दाबून पाहिला.

"लागला का?" गाडीमागे स्टुलावर बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

"लागला, तात्या."

"नीट बघ. फोडायची ती एकदा फोडलीयस."

तात्यांनी ओलं फडकं पिळलं. उतारावर गाडी धुतली की पाणी आपसूक सुपारीच्या वाडीत जातं, म्हणून दर रविवारी गाडी तिथेच, तोंड रस्त्याकडे करून उभी. मागचा बंपर तात्या स्वतः पुसत, पाठ पहिल्या पोफळीला टेकवून. बंपर आणि पोफळ यांच्यात एक माणूस मावेल एवढीच जागा.

हँडब्रेक त्यांनी कधीच ओढला नाही. केळव्याच्या खाऱ्या हवेत तो रात्रीत धरून बसतो, सकाळी चाक हलत नाही. जुन्या जीपपासूनची रीत ठरलेली: गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागे दगड लावायचा. ही नवी ऑटोमॅटिक आली, तेव्हा गिअरच्या जागी पी, म्हणजे पार्किंगचा खटका, आला. दगड तोच राहिला. तो लावायचं काम सुनेचं.

आर

दहा दिवस मागे.

बोईसरच्या गॅरेजात प्रदीप मिस्त्रीने काळा पडलेला हात पुसत सांगितलं, "पी म्हणजे ब्रेक नाय, तात्या. आत बोटाएवढा दात हाय, तो चक्राच्या खाचेत अडकतो. गाडी पुरती थांबायच्या आधीच पी टाकला, की तो दात आपटतो. आनि हँडब्रेक न लावता उतारावर सोडली, तर सगळं वजन त्या एकट्यावर. तुमच्या दाताला चीर गेलीय. बदलायला लागंल."

मेघालीने तात्यांकडे पाहिलं. गाडी थांबायच्या आत पी कोण टाकतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो कट् आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

"चाळीस वर्षं गाड्या चालवल्या मी," तात्या म्हणाले. "ही महिन्याभरापूर्वी शिकली."

प्रदीपने तात्यांचा चेहरा पाहिला. मग चाकाकडे पाहत म्हणाला, "तसं... नवीन हात असंल, तर बी होतं."

"ऐकलंस?" तात्या हसले. "लॅबवाल्या बाई!"

दात मुंबईहून यायचा होता. तोवर हँडब्रेक आणि दगड, दोन्ही लावा, प्रदीप म्हणाला. तात्यांनी त्यातलं दगडाचंच ऐकलं.

एन

तारापूरच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मेघालीला जागा मिळाली होती. कामाची पाळी संपेपर्यंत केळव्याकडे येणारी शेवटची रिक्षा निघून जायची. गाडी असेल तर नोकरी, नाहीतर नाही. नवऱ्याने, शैलेशने, गाडी घेतली, ती हेच सांगून.

गॅरेजातून आल्यावर तात्यांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. मग ओटीवर बसून कंपनीत स्वतः फोन लावला.

"आमची सून नाय येनार. हां, घरचीच अडचन. दुसरी बघा."

मेघाली दारात उभी होती. त्यांनी फोन ठेवला आणि पाणी मागितलं. तिने आणून दिलं.

शैलेश मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "त्यांचं वय झालंय. सोड ना."

संध्याकाळी सासूने, मंदाने, मेघालीचा पांढरा कोट इस्त्री केला आणि परत खुंटीला लावला.

"ऱ्हाऊ दे इथंच," ती दबक्या आवाजात म्हणाली. "लागंल परत. मी बोलतंय त्यांच्याशी."

ती खरंच बोलली. भिंतीपलीकडून ताट आपटल्याचा आवाज आला. सकाळी मंदाचा गाल सुजलेला होता आणि दाढ दुखतेय असं ती शेजारणीला सांगत होती.

डी

पुढच्या रविवारी, दात अजून आलेला नसताना, तात्यांनी गाडी उतारावर आणली आणि चाकं फिरत असतानाच पी टाकला. कट्. गाडी जराशी मागे सरकली आणि अडली.

मेघालीने दगड उचलला. गाडीला वळसा घालून ती चाकापाशी गेली, वाकली. उठली तेव्हाही दगड तिच्या हातातच होता. विहिरीच्या कठड्याआड तिने तो आवाज न करता ठेवला.

"लावला?" तात्यांनी स्टूल ओढत विचारलं.

"लावला, तात्या."

"चहा टाक मग. आलं घाल जरा."

तिने हात धुतले. दगडाची माती नखांत राहिली होती. चहा चढवला, आलं ठेचलं. खिडकीतून गाडीचं फक्त टप दिसत होतं, बाकी नुसते आवाज. बादलीत फडकं बुडालं, पिळलं गेलं, बंपरवर घासू लागलं. तिने साखर घातली. पुन्हा घातली.

फडकं थांबलं. पुन्हा सुरू झालं.

या वेळी त्या घासण्याबरोबर बांगड्या वाजत होत्या.

"चहा कुठवर आलाय गं?" तात्यांचा आवाज ओटीवरून आला. "गुडघा धरला मेला. तुज्या सासूला बसवलंय आज बंपरला."

चहा उतू गेला. गॅस बंद करायला आत कुणी नव्हतं.