टोपीचे बंद

मक्याची कापणी उरकली, तशी व्हॅन ठरवून आमिश पंथाची, जुन्या रीतीने राहणारी मंडळी ओहायोतल्या रोलर कोस्टरच्या पार्कात आली. व्हर्नाचं लग्नानंतरचं हे पहिलंच येणं, तेही सासूबरोबर. सासू सलोमा रांगेच्या कठड्याबाहेर उभी होती, पुरुषांनी काढून दिलेल्या हॅटांची चळत छातीशी धरून.

फाटकावरच्या बाईने व्हर्नाला थांबवलं. “सुटी वस्तू वर न्यायची नाही. टोपी काढून ठेवा.”

व्हर्नाचा हात डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीकडे गेला. चारचौघांत डोकं उघडं? बाईच्याही ते लक्षात आलं असावं. “नाहीतर बंद हनुवटीखाली घट्ट बांधा. असे लोंबते नाही चालायचे.”

“टाचण्या लावल्यात की.”

“टाचण्या काय धरणार! खाली तळ्यात लोकांच्या कवळ्या पडल्यात.”

बंद मोकळे सोडायची रीत व्हर्नाच्या वयाच्या मुलींची; थोरल्या बायका ते बांधायच्या. सलोमा त्यावर कधी बोलली नव्हती, नुसती बघायची. ते जास्त लागायचं. आता तिच्या डोळ्यांदेखत बांधायचे, की मागे फिरायचं? शाळेत असल्यापासून या गाडीत बसायचं मनात होतं.

“अगं, ये की!” गाडीत बसलेला तिचा नवरा एली शेजारची जागा हाताने अडवून ओरडला.

तिने बंद पुढे घेतले. गुळगुळीत फीत दोनदा सुटली. मागचे कुरकुरू लागले.

“इकडे ये.” सलोमाने हॅटा खाली ठेवल्या आणि कठड्यावरून हात घातले. “हनुवटी वर कर. वासराला मारतो ती गाठ आहे, सुटायची नाही. तू घरात आल्यापासून सहा महिने हात शिवशिवत होते माझे.”

गाडी चढली, क्षणभर थबकली आणि कोसळली. व्हर्नाचे दोन्ही हात दांडीवर घट्ट. डोक्यावर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. वारा कानांत ओरडत होता, आणि तीही.

गाडी थांबल्याबरोबर तिने डोकं चाचपलं. टोपी जागच्या जागी. तिने इतका मोठा श्वास सोडला की एली हसला.

“काय गं?” सलोमाने विचारलं.

“टाचण्या दोन्ही गेल्या, आई. गाठ राहिली.”

सलोमा ‘बघ, मी म्हणत होते’ असं म्हणेल, म्हणून व्हर्ना मान खाली घालून थांबली. सलोमाने तिच्या हातात हॅटा दिल्या.

“धर. मी जाऊन येते.”

फाटकावरच्या बाईने सलोमाच्या हनुवटीखाली एक नजर टाकली आणि साखळी बाजूला केली.