अडुसष्ट पासांची दुपारची गाडी

आमच्या फाट्याच्या लायनीवर दुपारची एकच गाडी. रोजची माणसं अकरा, त्यातली दोन झोपलेली. मी तिकीटखिडकीवर बसतो, त्यामुळे मोजायला वेळच वेळ.

एक दिवस वरून हिशेबवाले साहेब आले. म्हणाले, "तिकीट दहाचं, माणशी खर्च नव्वद. वरचे ऐंशी कोण भरतं? या गाडीत कधी न बसलेला करदाता! शुक्रवारी मी डोकी मोजणार. कमी भरली तर गाडी बंद."

मी गालातल्या गालात हसलो. डोकीच हवीत ना? गुरुवारी अख्खी रेल्वे वसाहत पालथी घातली. "उद्या जेवून, नटूनथटून गाडीत बसा. चहाला घरी परत!"

शुक्रवारी डबे खच्चून भरले. काकू, मावश्या, रिटायर गार्ड, फिटर, आणि खिडकीशी आमचे बाबा. चाळीस वर्षं हीच गाडी चालवून रिटायर झालेले ड्रायव्हर. साहेब चाट! मी मिशीला पीळ दिला.

"छान. आता तिकिटं दाखवा," साहेब म्हणाले.

अडुसष्ट हात खिशात-पिशवीत गेले आणि रेल्वेचे अडुसष्ट फुकट पास बाहेर आले. शप्पथ सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या वसाहतीत तिकीट काढणं म्हणजे न्हाव्यानं दाढीचे पैसे देणं!

"म्हणजे आज सगळ्यात मोठा तोटा," साहेबांनी वही उघडली.

बाबा उठले. पास खिशात ठेवून खाली उतरले. त्यांच्यामागे सगळी वसाहत. माझ्या खिडकीसमोर ही लांब रांग!

बाबांनी जाळीला नाक लावलं. "काय रे, इथं काय म्हणायचं असतं?"

"कुठं जायचं ते सांगा."

"मला विचारतोस? गाढवा, शेवटच्या स्टेशनाचं दे."

"म्हाताऱ्यांना अर्धं भाडं आहे, बाबा."

"उरलेलं अर्धं कोण भरतं?"

मागून साहेबच म्हणाले, "करदाता."

"मग पूर्ण दे."

रांगेत एकानंही अर्धं मागितलं नाही. माझी छाती शर्टात मावेना.

"आजोबा, एका दिवसानं तोटा भरत नाही," साहेब हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. उद्याही येतो."

साहेबांनी वहीत लिहिलं: सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी.

गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली. बाबा खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि इंजिनाकडे बघून ओरडले, "नीट चालव रे, पैसे मोजलेत!"