माझ्या बोटाखालचे पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना सागवानी देवदूत आहे. वाचल्याबरोबर हात जोडू नका! हात जोडणाऱ्यांनीच माझं वाटोळं केलं. देवदूत म्हणजे निरोप्या. धन्यानं धाडलं की जायचं, निरोप सांगायचा आणि बाजूला व्हायचं. एवढी साधी गोष्ट, पण शिकल्यासवरल्या माणसांच्या टाळक्यात ती शिरेल तर शपथ.

मला घडवलं उमाजी सुतारानं. अफझलगंजात त्याचं पलंग-कपाटांचं दुकान होतं. चिक्कडपल्लीच्या आमच्या मराठी चर्चनं त्याला नाताळच्या देखाव्यासाठी मूर्ती करायला सांगितल्या. मोडक्या पलंगाचा एक जाडजूड पाय त्याच्याकडे पडून होता. त्यातून त्यानं आधी बाळ येशू काढला, मग उरलेल्या लाकडातून मला. बाळ वीतभर आणि मी चांगला हातभर. बघायला आलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, "उमाजी, नोकर मोठा आणि मालक लहान? हे कसं की?"

उमाजी पटाशी खाली न ठेवता म्हणाला, "चाकर अंगानं केवढाही असू द्या, साब. लेक तो लेक. घर त्याचं."

म्हणून त्यानं मला गुडघे टेकलेला केला आणि माझ्या उजव्या हाताचं बोट खाली, गव्हाणीकडे वळवलं. ते बोट हेच माझं काम. 'याच्याकडं बघा' एवढंच त्यानं सांगायचं.

कितीतरी वर्षं मी ते काम चोख केलं. डिसेंबर आला की आम्हांला जुन्या धडप्यांतून सोडवायचे, पेंढा पसरायचे, बाळाला गव्हाणीत ठेवायचे आणि मला त्याच्या उशाशी. रविवारच्या शाळेच्या नीलिमाबाई मुलांना जवळ बसवून सांगायच्या, "हे सगळं जग ज्याच्या हातून झालं ना, तो हा. देवदूतही त्यानंच केले. बापानं आपला मुलगा म्हणून यालाच जवळ केलं, देवदूताला नाही. म्हणून बघा, एवढे पंख असून तो कसा गुडघ्यावर आहे!" मुलं माझ्याकडे बघायची आणि मला धन्य वाटायचं. खरंच सांगतो, त्याहून मोठी शाबासकी मला नको होती.

मग देशाचा बाजार जगाला उघडला. गल्लीत एसटीडीचे बूथ आले, छपरांवर केबलच्या तारा आल्या, आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायची घाई झाली. एका पोरानं जाता जाता, गंमत म्हणून, माझ्या बोटाखाली आपला पासपोर्ट ठेवला आणि डोळे मिटले. पुढच्याच आठवड्यात त्याला व्हिसा मिळाला. पोरगा हुशार होता, जीव तोडून शिकला होता. पण श्रेय कुणाला? मला! का, तर मला पंख आहेत. पंख असलेला विमानात बसवणारच. वा रे अक्कल! असल्या हिशेबानं कोंबडीचीही आरती करायला हवी होती.

चर्चचे सेक्रेटरी प्रतापराव यांना तर उकळ्याच फुटल्या. हा माणूस गर्दी दिसली की तिलाच भक्ती समजायचा. नाताळ संपल्यावर त्यांनी मला इतर मूर्तींबरोबर पेटीत न ठेवता दाराजवळ एका उंच टेबलावर बसवलं. खाली शहाबादी फरशी, तीही उंचसखल. टेबल डुगडुगायला लागलं. प्रतापरावांनी उघड्या पेटीत हात घातला, धडप्यात गुंडाळलेलं एक लहान गाठोडं काढलं आणि आत काय आहे ते न बघता टेबलाच्या पायाखाली ठोकून बसवलं.

"आता कसं गच्च बसलं!" ते म्हणाले.

मित्रांनो, त्या गाठोड्यात बाळ होता. ज्याच्या पुढे गुडघे टेकायला मी जन्मलो, त्याच्या छातीवर मला उभं केलं होतं. मला ओरडता येईना, उतरता येईना. वर्षभर मी तिथं जळत राहिलो.

आणि माणसं येत राहिली. कुकटपल्लीहून स्कूटरवर येत, हार घालत, पासपोर्ट माझ्या नखाला टेकवत. पाळकसाहेबांनी प्रवचनात बजावलं की देवदूतांपुढं हात जोडू नका, पुत्रापुढं जोडा. लोकांनी माना डोलावल्या आणि बाहेर पडताना मलाच नमस्कार केला. पालथ्या घड्यावर पाणी! मला त्यांची कीव येत नव्हती, किळस येत होती. बोट दाखवतंय कुठं आणि हे चाटताहेत बोट.

त्या हार घालणाऱ्यांत मीना नावाची एक विधवा बाई होती. तिचा सौरभ मद्रासला व्हिसाच्या मुलाखतीला जाणार होता. ती रोज यायची आणि कपाळ टेकवून म्हणायची, "बाबा, माझ्या लेकराला तेवढं पोचव." मला वाटायचं, बाई, ज्याला मागायचं तो तुझ्या पायांपाशी चिरडलाय. एकदा खाली वाक, माझे आई!

पुन्हा नाताळ आला. नीलिमाबाईंनी पेटी उपसली. मेंढरं निघाली, मेंढपाळ निघाले, बाळ काही निघेना. बाईंचा चेहरा उतरला. "बाळाशिवाय नाताळ कसला हो? मुलांना दाखवू काय?"

प्रतापराव म्हणाले, "मॅडम, इतकं काय परेशान होता? गव्हाणीत देवदूतच ठेवू की. नाहीतरी पब्लिक त्याच्यासाठीच येते."

"प्रतापराव, शोभतं का हे तुम्हांला?" बाई कडाडल्या. पण बाळ सापडत नव्हता, हे खरंच होतं. मला धन्याच्या अंथरुणात निजवणार होते! त्यापेक्षा वाळवीनं मला तिथल्या तिथं फस्त केलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मीनाबाई आली. मागून सौरभ धावत आला. "आई, चल ना. मुलाखतीत मीच गडबडलो, म्हणून व्हिसा नाही मिळाला. याचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही?" ती रडत ओरडली. "वर्षभर हार घातले याला! नुसता मख्खासारखा बसून राहिला!" आणि तिनं दोन्ही हातांनी टेबल ढकललं.

शाबास, बाई! टेबल कलंडलं. मी फरशीवर आपटलो आणि माझा डावा पंख तुटला. पायाखालचं गाठोडं सुटून घरंगळत माझ्यासमोर आलं. मी आडवा, आणि माझं बोट नेमकं त्याच्यावर.

मीनाबाई त्या बोटाच्या रोखानं बघत राहिली. मग वाकली आणि तिनं धडपा सोडला. बाळाच्या बरगडीवर टेबलाच्या पायाचा खोल वण पडला होता.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "याच्यावर उभं केलं होतं याला? आणि मी वरच बघत होते." ती तिथंच फरशीवर बसली, पदरानं बाळाला पुसू लागली आणि पुसता पुसता हुंदके देऊन रडली. व्हिसाचं नाव तिनं काढलं नाही.

सौरभचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. ते माझं कामही नाही. प्रतापरावांनी दाराशी लुकलुकणाऱ्या दिव्यांचा प्लास्टिकचा देवदूत टांगला, आणि लोक आता त्याला पासपोर्ट दाखवतात. दाखवोत बापडे! तो बोट कुठंच दाखवत नाही, त्यामुळं त्यांचं छान जमतं.

मी मात्र पुन्हा गव्हाणीशी गुडघ्यावर आहे. एवढंच सांगायचं आहे, मित्रांनो. माझ्या पंखाला डिंक लावायची घाई करू नका, आधी बाळाच्या अंगावरची धूळ पुसा. आणि कधी चिक्कडपल्लीला आलात, तर माझ्या तोंडाकडे बघत उभे राहू नका. खाली वाका.