बॉयलरच्या खोलीतला कोट

गावाचा बॉयलर-मिस्त्री ओरेस्ट हालिचुक कॅफेत कॉफीचा दुसरा घोट घेत होता, तेवढ्यात समोरची सलूनवाली डार्का कपाळ दाबत आत आली.

"सलूनात कामाला असलेल्या माझ्या तिन्ही पोरी डोकं धरून बसल्यात. नादिया तर ओकली. तुझा तो बॉयलर काय धंदे करतोय रे?"

ओरेस्टने कप खाली आदळला. कोट!

काल संध्याकाळी बाहेर उणे अडतीस होतं आणि डार्काचं सलून आहे त्या दुकानांच्या इमारतीत बॉयलरच्या खोलीतला पाण्याचा पाइप गोठला होता. गोठणारच, भिंतीतल्या भोकातून वारा थेट त्याच्यावर येतो. ते भोक बॉयलरच्या ज्योतीला हवा मिळावी म्हणून असतं. ते बुजवलं की ज्योत विषारी वायू ओकते, त्याला ना रंग ना वास. हे ओरेस्ट पस्तीस वर्षं सगळ्यांना ओरडून सांगत आला होता. पण थंडी हाडात शिरली की या गावात कोण कुठे चिंध्या कोंबेल, नेम नाही. काल ओरेस्टनेही आपला जुना कोट भोकात कोंबला. पाइप मोकळा झाला की काढू म्हणाला. पाइप मोकळा झाला, शाळेतून हीटर बंद पडल्याचा फोन आला, आणि हा शहाणा तसाच पळाला.

"सगळ्यांना बाहेर काढ! आत्ताच्या आत्ता!"

तो पोचला तेव्हा इमारतीचा राखणदार लेनर्ड मोअर याने बॉयलर बंद करून दारं सताड उघडली होती. नादियाला नाकावर मास्क लावून ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. तिचे डोळे उघडे होते, एवढंच. थोड्या वेळाने गॅसच्या तपासनीस बाई आल्या आणि बॉयलरच्या खोलीत शिरल्याबरोबर भोकाच्या कडेला अडकलेले कापडाचे धागे बघून त्यांनी विचारलं, "भोक कुणी बुजवलं?"

"मी," लेनर्ड म्हणाला.

ओरेस्टने झटकन त्याच्याकडे पाहिलं. बाई पाइपाकडे वळल्या, तसा लेनर्ड ओरेस्टच्या कानाशी लागला. "गप बस. मला काय, नोकरी जाईल, खोली जाईल. बहिणीकडे जाईन. तुझं लायसन गेलं तर या थंडीत गावाकडे बघणार कोण?"

खरं सांगायचं तर ओरेस्टला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं. आणि लगेच स्वतःची शिसारी आली. अडुसष्ट वर्षांचा लेनर्ड, त्याचं घर म्हणजे याच इमारतीतली एक खोली, आणि आपण गप्प!

बाईंनी वही काढली. "पूर्ण नाव सांगा."

टाकीमागून कोटाची बाही डोकावत होती, तिथे ओरेस्टने हात घातला. लेनर्डने लपवलेला कोट ओढून काढला आणि अंगात चढवला. छातीवर लाल धाग्याने त्याचं नाव भरलेलं होतं.

"हे लिहा, बाई. कोट माझा, चूक माझी. त्या पोरीला काही झालं तर तेही माझ्याच नावावर लिहा."

"गाढवा!" लेनर्ड ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते.

बाईंनी लिहिलं. मग हात पुढे केला. "चौकशी होईपर्यंत लायसन माझ्याकडे राहील. कुठल्याही बॉयलरला, हीटरला हात लावायचा नाही."

त्याने कार्ड काढून दिलं. खिशात फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

"ओरेस्ट, हीटर परत बंद पडला रे. मुलं कोट घालून बसलीयेत. लवकर ये."

"मला येता येणार नाही, बाई. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"दुसरं आहे कोण इथे?" त्या म्हणाल्या.